शरीरातील अखंड पाठलाग : एच.आय.व्ही. आणि आपली रोगप्रतिकार यंत्रणा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित आलेख)



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी संयोजकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा कापडबाजाराच्या गेल्या पन्नास वर्षांविषयी मी चार गोष्टी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी एच.आय.व्ही. हा विषय सुचविला आणि समितीत क्षणभर शांतता पसरली. एका ज्येष्ठ सदस्यांनी अत्यंत सौम्य शब्दांत विचारले, ‘‘आपल्या समाजात याची आवश्यकता आहे काय?’’ ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य समितीचे काम मी गेली अनेक वर्षे पाहत आहे. मदतीचे अर्ज वाचतो. कर्करोग असेल तर अर्जावर कर्करोग असे लिहिलेले असते, मूत्रपिंडाचा विकार असेल तर तसे लिहिलेले असते. काही अर्जांवर मात्र ‘दीर्घ आजार’ एवढेच दोन शब्द असतात आणि अर्ज घेऊन आलेली व्यक्ती नजर वर करीत नाही. त्या दोन शब्दांसाठी मी हा विषय घेतला आहे.

मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. या विषयावर जे वाचले, ते समजले तसे मांडणार आहे. समितीवरील डॉक्टरांनी हे टिपण नजरेखालून घातले आहे. त्यातील आकडेमोड तेवढी माझी आहे आणि ती तुम्हालाही पडताळून पाहता येईल.

इतिहास थोडक्यात सांगतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिस शहरातील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. धडधाकट माणसास सहसा न होणारा तो आजार होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक मॉन्तान्ये यांच्या गटाने त्यामागील विषाणू वेगळा काढला. या दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९८६ मध्ये मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत हा संसर्ग प्रथम आढळला. तपासणी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली होती. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घराण्यातील, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पुढे १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली.

हा विषाणू आला कोठून? आफ्रिकेतील कॅमेरूनच्या आग्नेय भागातील चिंपांझींमध्ये याचा पूर्वज आढळतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, बहुधा शिकारीच्या वेळी रक्ताचा संपर्क होऊन, तो मनुष्यात शिरला. जतन करून ठेवलेल्या रक्तात सापडलेला त्याचा सर्वांत जुना पुरावा १९५९ सालचा, किन्शासा शहरातील आहे. म्हणजे जगाने नाव ठेवण्यापूर्वी कितीतरी वर्षे तो माणसांत वावरत होता.

आता मूळ विषयाकडे वळतो. हा विषाणू इतका सूक्ष्म आहे की, एका मिलिमीटरच्या लांबीत आठ ते दहा हजार विषाणू ओळीने बसतील. त्याच्याजवळ स्वतःची अशी सामग्री जवळजवळ नाहीच. मनुष्याचा आनुवंशिक मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असतो. या विषाणूचा मजकूर अवघ्या सुमारे ९,७०० अक्षरांचा आणि त्यात नऊ जनुके. मुनीमाच्या वहीची दोन-चार पानेच म्हणा ना! हा मजकूर आर.एन.ए. नावाच्या रसायनात लिहिलेला असतो आणि प्रत्येक विषाणूत त्याच्या दोन प्रती असतात. भोवती मेदाचे वेष्टन, वेष्टनावर साधारण डझनभर खुंट्या आणि आत दोन-तीन विकरे. संपूर्ण भांडवल एवढेच.

या भांडवलावर तो धंदा करतो तो दुसऱ्याच्या कारखान्यात. आणि कारखाना निवडतो तो असा की, विचार करणारा थक्क व्हावा. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी काही पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. त्यांना साहाय्यक पेशी म्हणतात. नाव जरा फसवे आहे. सैन्यातील संदेशवाहक आणि सेनापती या दोहोंचे काम त्या करतात. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना आज्ञा त्याच देतात. रोगग्रस्त पेशी नष्ट करणाऱ्या मारक पेशींना बळ त्याच पुरवितात. विषाणूवरील खुंट्या नेमक्या या सीडी-४ प्रथिनाला चिकटतात, नंतर सीसीआर-५ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा आधार घेतात आणि विषाणूचे वेष्टन पेशीच्या वेष्टनात मिसळून जाते. चोराने घर फोडताना पोलीस ठाणेच निवडावे, तशातला हा प्रकार.

आत शिरल्यावर तो एक उलटी क्रिया करतो. आपल्या पेशींत मूळ वही डी.एन.ए.ची असते आणि कामापुरती उतरवलेली चिठ्ठी आर.एन.ए.ची. चिठ्ठीवरून पुन्हा मूळ वही लिहिली जाऊ शकते, हे १९७० पर्यंत कोणी मानत नव्हते. त्या वर्षी हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी तसे करणारे विकर शोधून काढले. एच.आय.व्ही. याच जातीचा आहे. तो आपल्या चिठ्ठीवरून डी.एन.ए. तयार करतो आणि दुसऱ्या विकराच्या साहाय्याने तो आपल्या पेशीच्या वहीत कायमचा चिकटवून देतो. व्यापाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. खोटी नोंद बिलबुकात असेल तर फाडून टाकता येते, ती खतावणीत उतरली की बाहेर निघत नाही.

परंतु या नकलनविसाचा एक मोठा दोष आहे आणि या विषाणूचे सारे सामर्थ्य त्या दोषातच आहे. त्याला लिहिलेले तपासता येत नाही. आपल्या पेशी डी.एन.ए.ची नक्कल करताना चुका दुरुस्त करीत जातात. विषाणूचे विकर तसे करीत नाही. साधारणपणे दर तीन नकलांमागे एक अक्षर चुकते. पेढीवरचा असा कारकून कोणीही दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही. विषाणूला मात्र या चुका लाभतात. बहुतेक चुकांनी ती नक्कल निकामी होते, पण एखादी चूक अशी निघते की, तिच्यामुळे विषाणूचे रूप किंचित बदलते आणि शरीराचा पहारेकरी त्याला ओळखत नाही.

आता संख्या पाहू. १९९५ आणि १९९६ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासांतून असे दिसले की, औषध न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू निर्माण होतात. तोपर्यंत अनेकांची समजूत अशी होती की, पहिल्या काही वर्षांत, रुग्ण वरकरणी निरोगी असतो तेव्हा, विषाणू जणू झोपलेला असतो. प्रत्यक्षात तेथे अहोरात्र युद्ध चाललेले असते. एक हजार कोटींपैकी बहुसंख्य वाया जातात. नव्याने बाधित होणाऱ्या पेशी दिवसाला कोटीच्या घरात धरतात. आपण हिशेबासाठी एक कोटीच धरू. तीन नकलांमागे एक चूक, म्हणजे रोज सुमारे ३३ लाख बदललेल्या प्रती. मजकूर ९,७०० अक्षरांचा, प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरी तीनच अक्षरे येऊ शकतात, म्हणजे एका अक्षराचे शक्य तेवढे सर्व बदल मिळून सुमारे २९ हजार. भागाकार करा. संभाव्य असा प्रत्येक बदल एकाच माणसाच्या शरीरात रोज सरासरी शंभराहून अधिक वेळा घडून जातो. निसर्गात उत्क्रांतीस हजारो वर्षे लागतात असे आपण शाळेत शिकलो. येथे ती उद्या सकाळपर्यंत होते.

शिवाय दोन वेगवेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांच्या मजकुरांचे तुकडे एकमेकांत मिसळून तिसराच मजकूर तयार होतो. याचा परिणाम किती मोठा असतो, त्याचे एक माप शास्त्रज्ञांनी दिले आहे : संपूर्ण जगात एका वर्षात आढळणाऱ्या फ्लूच्या विषाणूंमध्ये जेवढी विविधता असते, साधारण तेवढी एच.आय.व्ही.ची विविधता एकाच रुग्णाच्या शरीरात एका वेळी असू शकते. फ्लूची लस अधूनमधून बदलावी लागते, हे आपण जाणतो. एच.आय.व्ही.ची लस अद्याप का निघाली नाही, याचे बरेचसे उत्तर या एका वाक्यात आहे.

मग आपली रोगप्रतिकार यंत्रणा स्वस्थ बसते काय? मुळीच नाही, आणि हा भाग मला सर्वांत रोचक वाटतो. स्त्री-पुरुष संबंधातून संसर्ग होतो तेव्हा बहुतेक प्रसंगी एकच विषाणू पलीकडे जाऊन वंश स्थापन करतो. पहिले काही दिवस त्याचा मागमूस लागत नाही. मग दोन ते चार आठवड्यांत तो रक्तात बेसुमार वाढतो. ताप, घसादुखी, अंगावर पुरळ अशी लक्षणे दिसतात आणि ती साध्या तापासारखी म्हणून सोडून दिली जातात. याच सुमारास मारक पेशी कामाला लागतात. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनांचे लहान तुकडे, आठ-दहा घटकांचे, मांडले गेलेले असतात. दुकानाच्या दर्शनी कपाटात कापडाचे नमुने लावावेत तसे. मारक पेशी तो नमुना ओळखते आणि ती पेशी नष्ट करते. रक्तातील विषाणूंची संख्या झपाट्याने खाली येते आणि एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी प्रत्येकाची निराळी असते आणि पुढे आजार किती वेगाने वाढेल ते बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

परंतु नमुन्यातील एक घटक बदलला की ती मारक पेशी त्यापुढे आंधळी. मग यंत्रणा नव्या नमुन्यासाठी नव्या पेशी तयार करते, तोवर विषाणू पुन्हा बदलतो. प्रतिपिंडांचेही तसेच. काही महिन्यांत रुग्णाचे रक्त विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे तयार करते, हे खरे. मात्र २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले की, आजच्या रक्तातील प्रतिपिंडे काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला रोखतात, आजच्या विषाणूला नाही. शिंप्याने माप घ्यावे, अंगरखा शिवून आणावा आणि तोवर मूल दोन बोटे उंच झालेले असावे! शिंप्याची कुसूर नाही आणि अंगरखाही नेमका शिवलेला असतो. त्यात भर म्हणजे विषाणूच्या खुंट्यांवर शर्करेच्या रेणूंचे दाट आवरण असते. ती शर्करा आपल्याच पेशींनी घडविलेली, त्यामुळे शरीर तिला परके मानत नाही. आवरणातील एखादा रेणू इकडचा तिकडे सरकला तरी प्रतिपिंडाला जागा सापडत नाही.

तरीही विषाणूला प्रत्येक पलायन फुकट मिळत नाही. काही मोजक्या लोकांच्या पेशींवर एचएलए-बी-५७ नावाचा एक आनुवंशिक प्रकार असतो. तो विषाणूच्या अंतर्भागातील अशा तुकड्याचा नमुना मांडतो की, जो बदलला तर विषाणूचा सांगाडाच कमकुवत होतो. विषाणू बदलतो, मारक पेशीच्या तावडीतून सुटतो, पण त्याची वाढ मंदावते. पुढे तोच विषाणू हा प्रकार नसलेल्या दुसऱ्या माणसात गेला की, तो आपले जुने रूप पुन्हा धारण करतो. ज्या भागात बदल करणे त्याला महाग पडते, तेथेच घाव घालावा, या दिशेने लसीचे काही संशोधन चालू आहे. संसर्गानंतर काही वर्षांनी थोड्या रुग्णांच्या शरीरात अनेक जातींच्या विषाणूंना रोखणारी व्यापक प्रतिपिंडेही तयार होतात. दुर्दैवाने तोपर्यंत त्यांचा स्वतःचा विषाणू पुढे निघून गेलेला असतो.

साहाय्यक पेशी नेमक्या कशाने मरतात, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. विषाणू ज्यांत शिरतो त्या पेशी मरतातच. परंतु लसीका ग्रंथींत असेही दिसते की, विषाणूचा प्रवेश अर्धवट राहिलेल्या असंख्य पेशी स्वतःच स्वतःला संपवितात. आणि सर्वांत मोठी हानी पहिल्या काही आठवड्यांतच, आतड्यांच्या अस्तरात, झालेली असते. आपल्या साहाय्यक पेशींचा फार मोठा साठा तेथे असतो. तेथील संरक्षण ढासळले की आतड्यातील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात. मग संपूर्ण यंत्रणा सतत उत्तेजित राहते. उत्तेजित झालेली साहाय्यक पेशी हेच विषाणूचे आवडते खाद्य. म्हणजे शरीर जितके जोराने लढते, तितका शत्रूला अधिक शिधा मिळतो.

याला पुरावा निसर्गातच आहे. पश्चिम आफ्रिकेत सूटी मँगाबी नावाची माकडे आहेत. एच.आय.व्ही.च्या जातभाई विषाणूचा त्यांना संसर्ग असतो, रक्तात विषाणूंची संख्याही भरपूर असते, तरीही ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांची यंत्रणा सुरुवातीच्या काळानंतर शांत होते, उत्तेजित राहत नाही.

मनुष्यात मात्र औषधाविना हे युद्ध सरासरी आठ-दहा वर्षे चालते. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सीडी-४ पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेस एड्स म्हणतात. मग एरवी दबून राहिलेले जंतू डोके वर काढतात. आपल्याकडे त्यांत क्षयरोग पहिला. एच.आय.व्ही. झाला म्हणजे एड्स झाला, असे आपण सर्रास बोलतो. ते चुकीचे आहे आणि त्या चुकीच्या बोलण्याने माणसे चाचणीस जाण्याचे टाळतात.

आता औषधांचे गणित. १९८७ मध्ये ए.झेड.टी. हे पहिले औषध आले. आशा निर्माण झाली आणि दोन वर्षांत त्या औषधाला न जुमानणाऱ्या विषाणूंची नोंद झाली. लॅमिव्हुडिन नावाचे औषध एकटे दिले, तर काही आठवड्यांतच निष्प्रभ ठरते. एका विकराच्या १८४ व्या स्थानावरील एक घटक बदलला की काम झाले. असे का, हे आपल्या मघाच्या हिशेबातून समजते. एका नकलेत एक विशिष्ट बदल होण्याची शक्यता ढोबळमानाने एक लाखात एक. रोज एक कोटी नकला होतात, म्हणजे तो बदल रोज शंभर वेळा होतो. औषध सुरू होण्यापूर्वीच त्याला दाद न देणारा विषाणू शरीरात हजर असतो. दोन औषधे एकदम दिली आणि दोहोंना चुकविण्यासाठी एकाच नकलेत दोन बदल लागत असतील, तर शक्यता एक हजार कोटींत एक. म्हणजे सुमारे हजार दिवसांतून एकदा. तीन औषधे दिली तर एकावर पंधरा शून्ये इतक्या नकलांत एकदा, म्हणजे दहा कोटी दिवस, म्हणजे सुमारे पावणेतीन लाख वर्षे! हा हिशेब ढोबळ आहे. खऱ्या विषाणूंत मजकुरांची सरमिसळ होते आणि सर्व औषधे सारख्या ताकदीची नसतात. तरीही १९९६ पासून तीन औषधांच्या उपचाराने मरणाच्या दारातून माणसे परत का येऊ लागली, त्याचे मर्म या गुणाकारात आहे.

औषध होते, पण किंमत? वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत, देण्याची तयारी जाहीर केली. व्यापारात भाव पाडणारे पुष्कळ पाहिले, त्यामुळे एवढी माणसे जगल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून निवडक रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून सीडी-४ संख्या कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकास औषध सुरू करावे असे धोरण आहे.

येथे एक अनुभव सांगतो. ज्यांच्याविषयी आहे, त्यांची संमती घेतली आहे. माझ्या पेढीवर एक गुमास्ते बावीस वर्षे काम करीत होते. ताक्याला नुसता हात लावून सुताचा नंबर सांगणारा माणूस. २००७ मध्ये त्यांना संसर्ग असल्याचे निदान झाले. बाजारात वार्ता फुटली. शेजारच्या एका व्यापाऱ्याने मला सांगितले, ‘‘शेठ, गिऱ्हाईक तुटेल.’’ गुमास्ते कामावर राहिले. औषधाने दीड वर्षात त्यांचे वजन भरून आले, चेहऱ्यावर तेज आले आणि तेथेच घोटाळा झाला. गावी भावाच्या घरी दोन महिने राहायचे होते. गोळ्यांची डबी कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते ती घरीच ठेवून गेले. बरे तर वाटतच होते.

त्या काळी पहिल्या टप्प्यातील तीन औषधांत नेव्हिरापिन असे. गोळी थांबविल्यावर बाकीची दोन औषधे शरीरातून लवकर जातात. नेव्हिरापिन मात्र पुढे एक-दोन आठवडे रक्तात रेंगाळते. म्हणजे तिन्ही औषधे एकाच दिवशी थांबविली तरी विषाणूच्या दृष्टीने काही दिवस ते एकाच औषधाचे उपचार ठरतात आणि नेव्हिरापिनला हरवायला एकच बदल पुरतो. पावणेतीन लाख वर्षांचा तट अशा रीतीने एका पंधरवड्यात कोसळला. परत आल्यावर त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण सीडी-४ घसरतच राहिल्या. शेवटी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या टप्प्यातील औषधे मिळाली आणि ते सावरले. आज ते निवृत्त आहेत, नातवाला शाळेत पोहोचवितात. त्यांनी औषध आळसाने सोडले नव्हते, लोकलज्जेने सोडले. विषाणूला बदलण्यासाठी जी मोकळीक मिळाली, ती आपण सर्वांनी मिळून दिलेली होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आता सरकारी केंद्रांत बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकच गोळी दिवसातून एकदा देतात. डोल्युटेग्रॅव्हिरला चकविणे विषाणूला पुष्कळच अवघड जाते. तरीही गोळी रोज घ्यावी लागतेच.

ती जन्मभर का घ्यावी लागते? कारण खतावणीतील ती नोंद. बाधित झालेल्या साहाय्यक पेशींपैकी काही पेशी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. त्यांतला विषाणू काहीच निर्माण करीत नाही, म्हणून औषधाला दिसत नाही आणि मारक पेशींनाही दिसत नाही. औषध थांबले की तेथूनच तो पुन्हा उगवतो, बहुधा काही आठवड्यांतच. अशा दहा लाख पेशी आहेत असे धरा. अभ्यासानुसार हा साठा निम्मा होण्यास सुमारे ४४ महिने लागतात. घसाऱ्याचा हिशेब आपल्याला येतोच. दहा लाखांवरून एकावर येण्यास वीस वेळा निम्मे करावे लागते. वीस गुणिले चव्वेचाळीस, ८८० महिने, म्हणजे ७३ वर्षे. आणि या पेशी अधूनमधून स्वतःच्या नकलाही काढतात, त्यामुळे तेवढ्याने भागेलच असे नाही.

यातून पूर्ण मुक्त झालेली मोजकी माणसे आहेत. पहिले टिमोथी रे ब्राऊन. त्यांना रक्ताचा कर्करोग होता. बर्लिनमध्ये २००७ आणि २००८ साली त्यांच्यावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले. दात्याच्या पेशींवर मघाशी सांगितलेले सीसीआर-५ प्रथिन जन्मतःच नव्हते, म्हणून विषाणूला प्रवेशद्वारच उरले नाही. २०२० मध्ये कर्करोग उलटून त्यांचे निधन झाले, एच.आय.व्ही. मात्र परतला नव्हता. हा उपचार इतका जोखमीचा आहे की, ज्याला कर्करोगासाठी तो करावाच लागतो त्याच्यापुरताच मर्यादित राहतो. असा दाता भारतीय वंशात सापडणेही अतिशय दुर्मीळ.

मात्र मुक्ती आणि निर्धोक जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समाज म्हणून आपल्याशी संबंध आहे तो दुसरीशी. २०११ मध्ये नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही होती. प्रत्येक जोडप्यात एकास संसर्ग होता, दुसऱ्यास नव्हता. लवकर औषध सुरू केल्याने जोडीदारास संसर्ग होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. २०१६ मध्ये युरोपातील ८८८ जोडप्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झालेल्या व्यक्तीकडून जोडीदारास लागण झाल्याचे एकही उदाहरण त्यात नव्हते. असे पती-पत्नी निकोप अपत्ये वाढवीत आहेत. सोबत जेवल्याने, एका गादीवर बसल्याने, एकाच नळाचे पाणी प्याल्याने हा विषाणू पूर्वीही कधी जात नव्हता.

प्रतिबंधातही नवे काही घडते आहे. लेनाकापाव्हिर या औषधाचे वर्षातून दोनच इंजेक्शन घेणाऱ्या आफ्रिकेतील २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. हे औषध विषाणूच्या अंतर्भागातील सांगाड्यावर घाव घालते. बदलणे ज्याला महाग पडते, तोच हा भाग.

कायद्याविषयी दोन वाक्ये. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार नोकरी, उपचार, शिक्षण, निवास यांत अशा व्यक्तीशी भेदभाव करता येत नाही, आणि तिच्या संमतीविना तिची माहिती उघड करता येत नाही. आपल्या ट्रस्टच्या अर्जालाही हे लागू आहे, असे मी समजतो. म्हणून वैद्यकीय समितीने ठरविले आहे की, यापुढे असे अर्ज बंद पाकिटात केवळ डॉक्टर सदस्यांकडे जातील आणि आजाराचे नाव अध्यक्षांनाही कळण्याची गरज राहणार नाही. अध्यक्ष महोदयांनी याला आनंदाने मान्यता दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

विवाह जुळविताना पत्रिकेसोबत रक्ततपासणीचे कागद पाहावेत काय, असा प्रश्न मला हल्ली वारंवार विचारला जातो. दोघांनी स्वेच्छेने, आपापल्या समुपदेशकाकडे जाऊन तपासणी करावी आणि ती गोष्ट त्या दोघांतच राहावी, असे माझे मत आहे. मध्यस्थाच्या पिशवीत ते कागद असता कामा नयेत. एक चाचणी नकारार्थी आली म्हणजे सारे संपले असेही नाही. प्रतिपिंडे शोधणाऱ्या साध्या चाचणीत संसर्ग दिसून येण्यास २३ ते ९० दिवस लागू शकतात. आपल्या रक्तदान शिबिरात डॉक्टर जे खासगी प्रश्न विचारतात, ते याच मधल्या दिवसांसाठी असतात. त्यांचा कोणी राग मानू नये आणि उत्तर खरे द्यावे.

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ही तपासणी मोफत आणि गोपनीय होते. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १०९७ आहे. तो येथील फलकावर लिहून ठेवण्यास मी सांगितले आहे. डॉक्टरसाहेब सभागृहात उपस्थित आहेत. औषधांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे ते देतील. ज्यांना प्रश्न उघडपणे विचारावयाचा नसेल, त्यांनी चिठ्ठीवर नाव न घालता लिहावा आणि दाराजवळच्या पेटीत टाकावा. पेटी प्रत्येक शनिवारी उघडली जाईल.